जम्बो फ्रेट टाकू का?

पत्र: 'मी चार वर्षं इलेक्ट्रिक गिटार वाजवते. बँडमध्ये बहुतेक वेळ कॉर्ड, अधूनमधून सोलो. गिटार जुनी, वापरलेली घेतली आहे. स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६४८ मिलिमीटर. मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, बसवलेली फळी असते तो फ्रेटबोर्ड रोझवूडचा, तोही चांगलाच गोलसर. तारा ०९ च्या संचाच्या, म्हणजे बारीक. अडचणी दोन आहेत. बेंड करायला, म्हणजे तार आडवी ओढून स्वर चढवायला, गेलं की तार बोटाखालून सटकते. आणि चौदाव्या-पंधराव्या फ्रेटवर पातळ ई तार पूर्ण स्वर वर ओढली की आवाज मध्येच मरतो. गिटार दुरुस्त करणाऱ्यांनी मोजून सांगितलं की पहिल्या काही फ्रेट्सची उंची ०.७ मिलिमीटरच उरली आहे, सगळे फ्रेट बदलावे लागतील. ते म्हणतात, जम्बो टाका, सगळेच प्रश्न मिटतील. बँडमधला मित्र म्हणतो, जम्बोवर कॉर्ड बेसूर होतात. माझे हात लहान आहेत, मोठे फ्रेट झेपतील का हीसुद्धा धास्ती आहे. कोणत्या मापाचे घेऊ? आणि स्टीलचे घ्यावेत का?'

उत्तर: तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तो ०.७ चा आकडा. फ्रेट बदलायचे म्हटलं की जो तो जम्बो, मीडियम, व्हिंटेज अशी नावं घेतो, माप कुणी सांगत नाही. तुमच्याकडे निदान सुरुवात तरी मापाने झाली आहे. आता पुढचा निर्णयही मापानेच घेऊ.

या नावांवर किती भरवसा ठेवावा, त्याचं एक उदाहरण देतो. डनलॉप कंपनीची ६१३० नंबरची फ्रेटवायर (फ्रेट जिच्यापासून कापतात ती धातूची वायर) मीडियम जम्बो म्हणून ओळखली जाते. तिची रुंदी २.६९ मिलिमीटर आणि उंची फक्त ०.९१. त्याच कंपनीची ६२३० ही जुन्या धाटणीची, सगळे जिला बारीक म्हणतात ती वायर. रुंदी १.९८, पण उंची १.०९. म्हणजे नावात जम्बो असलेला फ्रेट बारीक म्हणवणाऱ्या फ्रेटपेक्षा बुटका निघाला. आणि ६१०५ घेतली तर ती रुंदीला जेमतेम २.२९, उंचीला मात्र १.४०. तेव्हा कुणी 'जम्बो टाका' म्हणालं की पहिला प्रश्न विचारा: उंची किती, रुंदी किती? जेस्कार कंपनीचे नंबर या बाबतीत सोयीचे आहेत, कारण नंबरातच माप असतं. ४७०९५ म्हणजे उंची ०.०४७ इंच, रुंदी ०.०९५ इंच. डनलॉपच्या नंबरांतून असं काही उमगत नाही, ते नुसते यादीतले क्रमांक आहेत.

फ्रेट बदलायला हवेत का, याबद्दल माझं मत दुरुस्ती करणाऱ्यांसारखंच आहे. झिजलेल्या फ्रेट्सना घासून एका पातळीत आणता येतं, पण घासणं म्हणजे आणखी धातू जाणार. ०.७ चे ०.६ झाले की बोटाला तार धरायला काही उरतच नाही. सगळे फ्रेट ०.९-१.० असते तर मी लेव्हलिंग (घासून एका पातळीत आणणं) आणि क्राउनिंग (माथा पुन्हा गोल करणं) यांवर भागवा म्हटलं असतं.

आता मुख्य मुद्दा. उंची आणि रुंदी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हाताला जे जाणवतं ते बहुतांशी उंचीमुळे. म्हणून आधी उंची ठरवायची, रुंदीचं नंतर बघायचं.

तुमचं बोट बेंड करताना का सटकतं ते बघा. ०९ च्या संचातली पहिली तार ०.२३ मिलिमीटर जाडीची. फ्रेट बुटका असला की ही तार लाकडाच्या अगदी लगत जाते, बोटाचं मांस आधी लाकडावर पसरतं आणि तारेच्या कडेला पकड मिळण्याआधीच थांबतं. मग तुम्ही तार ढकलता तेव्हा निम्मं बळ लाकडावर बोट घासण्यात जातं. फ्रेट उंच असला की तार लाकडापासून वर राहते, बोटाची कूस तारेच्या बाजूला बसते आणि तार कडेने ढकलली जाते. सतारीचे पडदे दांडीपासून किती उंच असतात आठवा. बोट लाकडाला टेकतच नाही, आणि एकाच पडद्यावर तीन-चार स्वरांची मींड खेचता येते त्याचं हे एक कारण आहे. रिची ब्लॅकमोर आणि यंगवी माल्मस्टीन या रॉक गिटारवादकांनी फ्रेटबोर्डचं लाकूड फ्रेटच्या मधे कोरून खोलगट केलेल्या गिटार वाजवल्या, त्यामागेही हाच विचार. तेव्हा तुमच्या पहिल्या तक्रारीवर उंच फ्रेट हा खरा इलाज आहे. इथवर तुम्हाला मिळालेला सल्ला बरोबर आहे.

पण मित्राचं म्हणणंही खोटं नाही. बुटक्या फ्रेटवर तुम्ही कितीही जोर लावा, बोट लाकडाला टेकतं आणि थांबतं. लाकूडच तुमचा हात आवरून धरतं. उंच फ्रेटवर असा आधार नसतो. तार फ्रेटला टेकली तरी बोट आणखी खाली जाऊ शकतं, तार आणखी ताणली जाते आणि स्वर चढतो. बेंडमध्ये हाच ताण आपण मुद्दाम देतो. कॉर्डमध्ये तो नकळत दिला जातो, आणि तोही प्रत्येक तारेला वेगवेगळा. म्हणून कॉर्ड 'बेसूर' लागतो, एखादा स्वर चुकल्यासारखा नाही, सगळंच किंचित आंबल्यासारखं. तारा बारीक असल्या की हे जास्त होतं. छोट्या स्केलवर, म्हणजे ६२८ मिलिमीटरच्या गिटारवर, आणखी थोडं जास्त, कारण त्याच तारा त्याच सुरात सुमारे ६ टक्के कमी ताणावर असतात.

मी हे स्वतः भोगलं आहे. काही वर्षांपूर्वी केवळ सोलोच्या मोहाने मी माझ्या गिटारला १.४० मिलिमीटर उंचीचे फ्रेट बसवून घेतले. बेंड आणि व्हायब्रॅटो इतके सोपे झाले की पहिला आठवडा गिटार खाली ठेवावीशी वाटली नाही. मग बँडबरोबर उघड्या कॉर्डची गाणी वाजवायला लागलो. ई मेजरमध्ये तिसरी तार पहिल्या फ्रेटवर दाबतो ना, ती दर वेळी चढी लागायची. मी ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारांचे खालचे टेके, पुढेमागे करत राहिलो, ट्यूनर बदलला, तारा बदलल्या. शेवटी एका ज्येष्ठ वादकाने माझी गिटार हातात घेतली, तोच कॉर्ड वाजवला आणि तो सुरेल लागला. गिटार तीच, तारा त्याच. फरक होता तो दाबाचा. बुटक्या फ्रेटवर अनेक वर्षं वाजवून माझा डावा हात गरजेच्या दुप्पट तरी जोर लावायला शिकला होता. तो जोर कमी करायला मला काही महिने लागले. त्या महिन्यांत मी जितकं वैतागलो तितकं तुम्ही वैतागू नये, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

म्हणूनच, फ्रेटची ऑर्डर देण्याआधी एक चाचणी करा. ट्यूनर लावा. तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर आधी अगदी हलकी दाबा, आवाज स्वच्छ येईल इतपतच. काटा कुठे आहे बघा. मग हात कॉर्डच्या आकारात ठेवून, बँडमध्ये ऐन रंगात असताना दाबता तसं दाबा आणि पुन्हा बघा. इथे प्रामाणिकपणा महत्त्वाचा, कारण ट्यूनरसमोर सगळेच हळुवार होतात. अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले, तर हलक्या आणि नेहमीच्या दाबात चार-पाच सेंटचा फरक मला चालतो. दहाच्या वर गेला तर तुमचा हात जड आहे. आणि लक्षात घ्या, ही चाचणी तुम्ही झिजलेल्या, बुटक्या फ्रेटवर करताय. उंच फ्रेटवर हाच फरक वाढेल. शक्य झालं तर हीच चाचणी उंच फ्रेट असलेल्या एखाद्या ओळखीच्या गिटारवर करा, पण तिलाही ०९ च्याच तारा असू द्या. जाड तारांच्या गिटारवर केलेली तुलना तुम्हाला फसवेल.

यावरून एक आठवलं. मोठ्या फ्रेट्सची भलामण करताना ब्लूज गिटारवादक स्टीव्ही रे व्हॉनचं नाव हमखास येतं. त्याचे फ्रेट मोठे होते हे खरं, पण त्याच्या तारा १३ च्या संचाच्या, म्हणजे फार जाड, आणि गिटार अर्धा स्वर उतरवलेली. तितक्या जाड तारा दाबाला सहजी हलत नाहीत. ०९ च्या तारांवर नुसते त्याचे फ्रेट उचलले तर त्याच्या सेटअपमधला निम्माच भाग आपल्याकडे येतो, आणि त्रास देणारा निम्मा. उलट टोकाचं उदाहरणही आहे: १९५४ साली आलेल्या गिब्सन लेस पॉल कस्टमचे फ्रेट इतके बुटके आणि सपाट होते की तिला 'फ्रेटलेस वंडर' असं नाव पडलं. कॉर्ड सरकवत वाजवणाऱ्यांना ती लोण्यासारखी वाटायची. उंच फ्रेटवर लांब स्लाइड घेताना दर फ्रेटला गतिरोधक लागल्यासारखं होतं, ते त्या गिटारवर होत नसे. बेंड करणाऱ्यांना मात्र तिच्यावर झगडावं लागे. तुम्ही कॉर्ड जास्त आणि सोलो कमी वाजवता, म्हणून दोन्ही टोकं तुमच्यासाठी नाहीत.

तुमची दुसरी तक्रार, चौदाव्या-पंधराव्या फ्रेटवर बेंड मरण्याची, तिचा फ्रेटच्या मापाशी थेट संबंध नाही. हे मी ठासून सांगतो, कारण त्यासाठी जम्बो टाकले तर पैसे जातील आणि तक्रार राहील. तुमचा बोर्ड 'चांगलाच गोलसर' आहे, म्हणजे बहुधा जुन्या धाटणीची ७.२५ इंच त्रिज्या, १८४ मिलिमीटर. पातळ ई तार बोर्डाच्या कडेला, उतारावर असते. ती ओढली की बोर्डाच्या मधल्या उंचवट्याकडे चढते, पण तिचं ब्रिजकडचं टोक मात्र खाली, आपल्या जागीच राहतं. मग तार पुढच्या फ्रेट्सना टेकते आणि आवाज मरतो. सगळे फ्रेट सारखेच उंच केले तर वळण जसंच्या तसं राहतं, तार तिथेच टेकणार.

आधी फुकटचा उपाय करून बघा. बाराव्या फ्रेटवर पातळ ई तारेची उंची मोजा. १.६ मिलिमीटर किंवा कमी असेल तर १.८ करून बेंड वाजवा, कदाचित तेवढ्यानेच भागेल. वरचा एखादा फ्रेट खाचेतून उचलला गेलाय का तेही दुरुस्ती करणाऱ्यांना बघायला सांगा, तसं असेल तर एकच फ्रेट सगळ्या बेंडचा गळा धरतो. आणि नवे फ्रेट बसवताना त्यांना म्हणा, की लेव्हलिंग करताना वरच्या फ्रेट्सचं वळण जरा सपाटीकडे न्या, साधारण ९.५ इंच त्रिज्येकडे. मधला थोडा धातू काढून हे होतं. इथे मात्र फ्रेटची उंची उपयोगी पडते: १.२ मिलिमीटरमधून थोडं काढलं तरी पुरेसं उरतं, ०.९ मधून काढलं तर पंचाईत. बोर्डाचं लाकूडच घासून सपाट करायचा सल्ला मिळाला तर मी घाई करू नका म्हणेन. ते परत येत नाही.

रुंदीबद्दल थोडक्यात. रुंद फ्रेटचा माथा हाताला मऊ, गोलसर लागतो, अरुंदाचा नेमका. ६४८ च्या स्केलवर एकविसाव्या आणि बाविसाव्या फ्रेटमधलं अंतर १०.८ मिलिमीटर आहे. त्यात २.८ रुंदीचा फ्रेट बसवला तर बोटाला ८ मिलिमीटर उरतात, २.० चा बसवला तर ८.८. तुम्ही तिथे फारसं जात नसाल तर हा हिशेब सोडून द्या. रुंद फ्रेट झिजून सपाट झाला की मात्र तार माथ्यावर नेमकी एका जागी न टेकता पसरट टेकते, सतारीच्या जवारीसारखी झणझण येते, सूरही ढळतो. त्यामुळे रुंद घेतलात तर वेळच्या वेळी क्राउनिंग करून घ्यावं लागेल. फ्रेटच्या रुंदीने टोन 'जाड' होतो असंही तुम्ही ऐकाल. अ‍ॅम्पमधून, बँडमध्ये, मला तो फरक कधी ठामपणे ऐकू आलेला नाही.

लहान हातांची धास्ती मनातून काढून टाका. बोटं किती फाकवावी लागतात ते स्केलच्या लांबीवर ठरतं, फ्रेट किती मोठा यावर नाही. पहिल्या फ्रेटचं घर तुमच्या गिटारवर ३६ मिलिमीटरचं आहे आणि कुठलीही वायर टाकली तरी तेवढंच राहणार. उलट उंच फ्रेटवर स्वच्छ आवाजासाठी कमी जोर लागतो, एका बोटाने सगळ्या तारा दाबायचे बार कॉर्ड सोपे जातात. हात लहान किंवा बोटं नाजूक असलेल्यांना उंच फ्रेटचा फायदाच होतो, फक्त हलकं दाबायची सवय हवी.

तर तुमच्यासाठी माझी निवड: उंची १.२ मिलिमीटरच्या आसपास, रुंदी २.४. जेस्कारच्या मापात ती ४७०९५. आजच्या ०.७ पेक्षा हा जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे, आणि फ्रेटच्या जगात अर्धा मिलिमीटर म्हणजे खूप. बेंडला पकड मिळेल, लेव्हलिंगला धातू उरेल, आणि कॉर्ड वाजवताना लाकूड अजून थोडं हाताशी राहील. चाचणीत तुमचा फरक तीन-चार सेंटच्या आतच निघाला आणि पुढे सोलो वाढवायचा विचार असेल, तर १.४ उंचीची ५५०९० किंवा डनलॉपची ६१०५ बिनधास्त घ्या. फरक दहाच्या वर निघाला तर १.२ वरच थांबा आणि तारा १० च्या करून बघा. २.८ रुंदीचा आणि १.४५ उंचीचा खराखुरा जम्बो मी तुम्हाला आज सुचवणार नाही.

स्टीलचं विचारलंत. नेहमीचे फ्रेट 'निकेल सिल्व्हर'चे, आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. स्टेनलेस स्टील त्याहून बरंच कठीण, म्हणून झिजतं फार हळू, आणि त्यावर बेंड काचेवरून सरकल्यासारखे जातात. पण ते वाकवायला, कापायला, घासायला अवघड, कानशी लवकर बोथट होतात, म्हणून मजुरीही जास्त पडते. तुम्ही रोज वाजवता आणि चार वर्षांत आणखी चाळीस वर्षं वाजवण्याची इच्छा तयार झाली असेल, तर स्टील घ्या, पण पूर्वी स्टीलचे फ्रेट बसवलेल्या माणसाकडूनच बसवून घ्या. टोकं नीट गोल केली नाहीत तर स्टीलचा फ्रेट तळव्याला कापतो. मापाबद्दल मनात अजून शंका असेल, तर आधी निकेल सिल्व्हर. ते चार-पाच वर्षांनी बदलताना आपल्याला नक्की काय हवंय ते कळलेलं असेल.

गिटार देताना नटबद्दल, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीबद्दल, नक्की बोला. हा मुद्दा हमखास राहून जातो. नटच्या खाचा आजच्या बुटक्या फ्रेट्सच्या हिशेबाने कापलेल्या आहेत. फ्रेट अर्धा मिलिमीटर उंच झाले की त्याच खाचा आपोआप खोल ठरतात आणि उघड्या तारा पहिल्या फ्रेटवर खडखडतात. नवा नट बसवावा लागेल हे धरूनच चला. गिटार परत आली की प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मधे दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: तारेखाली केसभर फट दिसली पाहिजे. फट दिसलीच नाही तर खाच खोल आहे. फट मोठी असेल तर पहिल्या फ्रेटवरचे कॉर्ड चढे लागतील, आणि तुम्ही उगाच नव्या फ्रेट्सना बोल लावाल.

आणि बसवून उरलेल्या फ्रेटवायरचा एखादा वीतभर तुकडा मागून घ्या, कंपनीचं नाव आणि नंबर लिहून गिटारच्या केसमध्ये ठेवून द्या. उद्या पहिले दोन-तीन फ्रेटच झिजले, तर तेवढेच त्याच मापाचे बदलता येतील.